फुलातील शिकारी : सह्याद्रीतील खेकडा-कोळ्याच्या अभ्यासाचा इतिहास

कोल्हापूर संस्थानच्या इतिहासात शिकारीच्या कथांना तोटा नाही. दरबारचे चित्ते, त्यांना सांभाळणारे चित्तेवान आणि काळविटांच्या कळपांवर सोडलेल्या त्या चित्त्यांची झेप यांची कीर्ती हिंदुस्थानभर पसरलेली होती. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या कोल्हापूरविषयक २४ व्या खंडातही प्राण्यांच्या माहितीचा भर पाळीव जनावरे आणि रानातील श्वापदे यांवरच आहे. ज्या काळात प्राण्याचे महत्त्व त्याच्या उपयोगावरून किंवा त्याच्या भयावरून ठरत असे, त्या काळी दुसरी अपेक्षाही करता येत नाही. परंतु याच प्रदेशात, फुलाच्या पाकळीवर, एक सेंटिमीटरही न भरणारा असा एक शिकारी पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे की, जो भक्ष्यामागे धावत नाही, त्यासाठी जाळे विणत नाही, आणि तरीही आपल्याहून मोठी मधमाशी वा फुलपाखरू धरून ठेवतो. हा शिकारी म्हणजे थोमिसिडी कुलातील खेकडा-कोळी होय.

या प्राण्याविषयीचे ज्ञान दोन निरनिराळ्या वाटांनी वाढत गेले. एक वाट संग्रहालयाची; तिच्यावर नमुना, वर्णन व नाव यांना महत्त्व होते. दुसरी वाट रानाची. तिच्यावर जिवंत प्राण्याच्या वर्तनाला महत्त्व होते. या दोन वाटा फार उशिरा एकमेकींस भेटल्या. त्या भेटेपर्यंत खेकडा-कोळ्याच्या शिकारीविषयीचे एक अनुमान सिद्धान्त म्हणून रूढ झालेले होते. ते अनुमान कसे रूढ झाले, त्याला तडा कसा गेला, आणि मलकापूरसारख्या सह्याद्रीलगतच्या प्रदेशातील अभ्यासकाला त्यातून कोणता बोध घेता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. प्रदेश व अधिवास

शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर हे गाव कोल्हापूरहून आंबा घाटमार्गे रत्नागिरीकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर शाळी नदीच्या काठी वसलेले आहे. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत विशाळगड जहागिरीचे ठाणे येथे होते. निसर्गदृष्ट्या हे स्थान संधिप्रदेशाचे आहे. पश्चिमेस काही मैलांवर आंबा व विशाळगडाचे दाट, ओलसर अरण्य; माथ्यावर जांभ्या दगडाचे उघडे सडे; आणि पूर्वेस पाऊस झपाट्याने कमी होत जाऊन भातखाचरे, उसाचे मळे व माळरान. एका दिवसाच्या पायी चालीत तीन प्रकारचे अधिवास ओलांडता येतात.

खेकडा-कोळ्याच्या दृष्टीने अशा प्रदेशाचे महत्त्व त्याच्या फुलोऱ्याच्या क्रमात आहे. पावसाळ्याच्या अखेरीस सड्यांवर तेरडा व सोनकी फुलते. हिवाळ्यात रामेठ्याचे पिवळे गुच्छ दिसू लागतात. पुढे धायटीची तांबडी फुले येतात. आणि सात-आठ वर्षांतून एकदा कारवीचे डोंगरच्या डोंगर जांभळे होतात. रस्त्याच्या कडेची घाणेरी मात्र जवळजवळ वर्षभर फुललेली असते. फुलांवर टपून बसणारा कोळी एकाच झाडाला बांधलेला नसतो. ज्या फुलावर कीटकांची वर्दळ असते त्या फुलाकडे तो सरकतो, आणि वर्दळ आटली की ते फूल सोडतो. म्हणून त्याचा अधिवास केवळ नकाशावर दाखवून भागत नाही. त्याला महिना व फूल या दोन गोष्टींची जोड द्यावी लागते. हा मुद्दा पुढील विवेचनाचा पाया आहे.

२. रूप

या कुलात आज जगभर दोन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. त्या सर्व फुलांवर राहत नाहीत. काही झाडांच्या सालीवर, काही पाचोळ्यात, तर काही गवतात राहतात. फुलांवर राहणाऱ्यांत थोमिसस ही प्रजाती विशेष प्रसिद्ध आहे, आणि भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळणारी थोमिसस स्पेक्टॅबिलिस ही तिच्यातील सर्वांत अधिक अभ्यासलेल्या जातींपैकी एक होय.

मादीचा रंग पांढरा किंवा पिवळा असतो. आठ डोळे दोन आडव्या ओळींत असतात आणि डोक्याच्या दोन्ही कोपऱ्यांवरील डोळे शिंगासारख्या लहान उंचवट्यांवर बसलेले असतात; त्यामुळे समोरून पाहता कपाळ त्रिकोणी वाटते. उदर मागील बाजूस रुंद होत जाऊन पंचकोनी दिसते. पायांच्या पहिल्या दोन जोड्या लांब, बळकट व आतल्या अंगाने काटेरी असतात. मागील दोन जोड्या आखूड असून त्यांचे काम पाकळीला घट्ट धरून ठेवणे एवढेच असते. सर्व पाय अंगाच्या बाजूस वळलेले असल्यामुळे हा प्राणी खेकड्याप्रमाणे आडवा चालतो, आणि त्यावरूनच त्याचे नाव पडले आहे. नर मादीच्या मानाने फारच लहान व बहुधा गडद रंगाचा असतो. एकाच फुलावर दोघे दिसली तरी ती एकाच जातीची आहेत हे नवख्याच्या ध्यानात येत नाही.

या वर्णनातील एक अडचण आरंभीच सांगितली पाहिजे. रंग हे जे लक्षण प्रथम डोळ्यांत भरते, तेच जात ओळखण्यास सर्वांत निरुपयोगी आहे. एकाच जातीच्या माद्या पांढऱ्याही असतात व पिवळ्याही असतात. आणि तीच मादी काही दिवसांत एका रंगातून दुसऱ्या रंगात जाऊ शकते. निश्चित ओळख मादीच्या जननद्वारावरील कवचाच्या व नराच्या स्पर्शपादाच्या सूक्ष्म रचनेवरून करावी लागते. वर्गीकरणकारांनी रंगाकडे दुर्लक्ष केले ते याच कारणाने, आणि ते योग्यही होते. परंतु वर्गीकरणाला निरुपयोगी ठरलेला रंग वर्तनाच्या अभ्यासात मध्यवर्ती आहे. या दोन गरजांमधील विरोधाने या विषयाच्या इतिहासाला आकार दिला आहे.

३. नावांचा इतिहास

थोमिसस ही प्रजाती वॉल्कनेर या फ्रेंच विद्वानाने १८०५ साली स्थापन केली, आणि सुंदेवाल या स्वीडिश प्राणिशास्त्रज्ञाने १८३३ साली तिच्या नावाने कुल निर्माण केले. थोमिसस स्पेक्टॅबिलिसचे वर्णन १८५९ साली डोलेशाल याने केले. तो डच सैन्यातील वैद्य असून मोलुक्का बेटांपैकी आंबोइना येथे त्याची नेमणूक होती. त्याच वर्षी तेथेच तरुण वयात त्याचा अंत झाला.

भारतातील अभ्यासाचा आरंभही अशाच एका तरुण परदेशीयाच्या हातून झाला. फर्डिनांड स्टोलिच्का हा मोराव्हियातील भूशास्त्रज्ञ भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या नोकरीत होता. शंख, पक्षी, सरपटणारे प्राणी यांबरोबर त्याने कोळ्यांकडेही लक्ष दिले, आणि १८६९ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय अष्टपादांवर एक प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला. थोमिसस पुगिलिस व थोमिसस इलॉन्गेटस ही नावे त्याच निबंधातील आहेत. १८७४ साली यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये तो मृत्यू पावला. त्याचे वय त्या वेळी अवघे ३६ वर्षांचे होते. हातात घेतलेले काम पुढे नेणारा शिष्य त्याच्यामागे नव्हता.

पुढील काळात यूरोपातील मोठी संग्रहालये या विषयाची केंद्रे झाली. थोरेल याने १८८७ साली ब्रह्मदेशातील कोळ्यांवरील आपल्या ग्रंथात कॅमॅरिकस फॉर्मोससचे वर्णन केले; तांबूस शिरोवक्षाचा हा खेकडा-कोळी भारतातही आढळतो. सिमाँ याच्या १८९२ ते १९०३ या काळात निघालेल्या महाग्रंथाने कुलाची व्यवस्था लावली. पश्चिम भारतापुरते पाहिले तर १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हा या प्रवाहातील महत्त्वाचा दुवा होय. वनखात्यातील राउटन यांच्यासारखे हौशी संग्राहक इकडे नमुने गोळा करीत आणि लंडनच्या संग्रहालयातील पोकॉक त्यांचे वर्णन करीत. १९०० साली ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत निघालेला पोकॉकचा खंड हे या सहकार्याचे फळ आहे. पण त्या एकाच खंडात विंचवांसह इतर गणांचाही समावेश असल्याने कोळ्यांचा सर्व विस्तार त्यात मावणे शक्य नव्हते. त्यानंतर राइमोझर याने १९३४ साली दक्षिण भारतातील संग्रहावरून थोमिसस कृष्णी या जातीचे वर्णन केले. यांतील बहुतेकांचा प्राण्याशी संबंध बरणीतून येत होता.

सह्याद्रीच्या खेकडा-कोळ्यांकडे पद्धतशीर लक्ष गेले ते स्वातंत्र्योत्तर काळात. १९१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेची पश्चिम विभागीय शाखा पुण्यास सुरू झाली आणि तेथे बिनय कृष्ण टिकादार यांनी कोळ्यांचा अभ्यास हाती घेतला. १९६० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी या कुलातील नव्या जातींवर निबंध लिहिला. १९६३ साली तत्कालीन पुणे विद्यापीठाच्या नियतकालिकात महाराष्ट्र व म्हैसूर राज्यांतील कोळ्यांवरील त्यांचा लेख आला. थोमिसस कात्रजघाटस, थोमिसस पूनियस, कॅमॅरिकस खंडाळाएन्सिस या नावांतच त्यांच्या संग्रहाचा नकाशा दिसतो. १९८० साली ‘फॉना ऑफ इंडिया’ मालेतील कोळ्यांच्या पहिल्या खंडात त्यांनी भारतीय थोमिसिडी कुलाचे एकत्रित विवेचन केले. पुढे ते सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. नंतरच्या संशोधनाने त्यांच्या मांडणीत बदल केले आहेत. त्यांनी या कुलात गणलेली टिबेलस प्रजाती आज फिलोड्रोमिडी या स्वतंत्र कुलात मोडते, आणि त्यांनी १९६० साली वर्णिलेल्या झिस्टिकस मिन्यूटससाठी २०१० साली इंडोझिस्टिकस ही नवी प्रजाती स्थापन करण्यात आली. तथापि महाराष्ट्रातील कोणत्याही अभ्यासकाला आजही आरंभ टिकादारांच्या ग्रंथापासूनच करावा लागतो.

वर उल्लेखिलेली स्थाने पाहिली असता एक गोष्ट लक्षात येते. कात्रज, पुणे, खंडाळा ही सर्व नावे पुण्याच्या आसमंतातील आहेत. संशोधनकेंद्र जेथे असते तेथील प्राणी आधी शास्त्रात येतात. म्हणून जातींच्या नावांतील भूगोल हा पुष्कळदा प्राण्यांच्या प्रसाराचा नसून अभ्यासकांच्या वाटांचा भूगोल असतो. दक्षिण सह्याद्रीच्या मलकापूर-आंबा पट्ट्याचा विचार करताना हे भान ठेवले पाहिजे.

४. शिकारीच्या निरीक्षणांचा इतिहास

दुसऱ्या वाटेचा प्रवास अगदी वेगळा आहे. हेन्री फोर्ब्स हा निसर्गनिरीक्षक जावा बेटात फिरत असता पानावरील पक्ष्याच्या विष्ठेवर एक फुलपाखरू स्वस्थ बसलेले त्याला दिसले. हात लावला तरी ते उडेना. कारण ती विष्ठा नसून तिच्यासारखा दिसणारा खेकडा-कोळी होता आणि फुलपाखरू त्याच्या पकडीत होते. आज फ्रायनॅराक्ने या प्रजातीत गणल्या जाणाऱ्या त्या कोळ्याची हकीकत यूरोपभर गाजली. डार्विन व वॉलेस यांच्या उपपत्तीवर वाद चालू असलेल्या त्या काळात अनुकरणाचे व गोपनाचे प्रत्येक उदाहरण मोलाचे होते. फुलावरील पांढरा वा पिवळा कोळी त्याच मालिकेत जाऊन बसला. तो फुलाच्या रंगात मिसळतो, म्हणून कीटकाला दिसत नाही, म्हणून कीटक फसतो, हे स्पष्टीकरण सर्वमान्य झाले.

शिकारीची पद्धत मात्र पुष्कळांनी बारकाईने पाहिली होती. कोळी पाकळीच्या कडेवर किंवा फुलाच्या मध्याशी पुढील दोन्ही जोड्या पसरून निश्चल बसतो. कीटक टप्प्यात आला की पाय मिटले जातात आणि विषाचा दंश बहुधा डोके व छाती यांच्या सांध्याशी होतो. मधमाशीसारखा डंखधारी प्राणी काही क्षणांत निश्चेष्ट होतो. या कुलातील कोळ्यांच्या जबड्यांवर भक्ष्य चुरडणारे दात नसतात. दंशाच्या लहान छिद्रातूनच ते आतील द्रव शोषून घेतात. त्यामुळे टाकून दिलेला कीटक अखंड व जिवंतासारखा दिसतो. हालत नसलेले फुलपाखरू पाहून त्याच्याखाली कोळी शोधावा, हा रानातील अभ्यासकांचा जुना नियम याच कारणाने खरा ठरतो. जाळे नसले तरी रेशीम त्याला आहेच. वावरताना तो मागे धागा सोडीत जातो, आणि मादी पान दुमडून त्यात अंड्यांची पिशवी ठेवते व तिची राखण करते.

रंगबदलावरील प्रयोगांना विसाव्या शतकात गती आली. गाब्रिचेव्हस्की याने १९२७ साली मिसुमेना व्हॅशिया या समशीतोष्ण प्रदेशातील जातीवरील प्रयोग प्रसिद्ध केले. आज हे ज्ञात आहे की, पांढरा रंग त्वचेखालील ग्वानीनच्या स्फटिकांमुळे दिसतो आणि पिवळा रंग त्वचेच्या पेशींत ऑमोक्रोम गटातील द्रव्ये साठल्याने येतो. हा बदल तात्काळ होत नाही. त्यास काही दिवस लागतात. यावरून एवढे निश्चित होते की, सरड्याप्रमाणे क्षणात रंग पालटणारा असा हा प्राणी नव्हे, आणि फुलाची निवड व रंगाचा बदल या दोन स्वतंत्र क्रिया आहेत.

भारतीय निरीक्षकांत ए. पी. मॅथ्यू यांचे कार्य आदराने स्मरावे असे आहे. झाडाची पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबूस मुंगळ्यांचे सोंग घेणाऱ्या दोन कोळ्यांवर त्यांनी १९५४ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात विस्तृत निबंध लिहिला. त्यांपैकी अमायसिया फॉर्टिसेप्स हा खेकडा-कोळी आहे. त्याच्या उदराच्या टोकावर मुंगळ्याच्या डोळ्यांसारखे दोन काळे ठिपके असतात. तो मुंगळ्यांच्या वाटेजवळ वावरतो आणि एकटा सापडलेला मुंगळा धरून धाग्याने खाली लोंबकळतो, म्हणजे इतर मुंगळ्यांचा हल्ला टळतो. जिवंत प्राण्यापुढे बसून लिहिलेला हा निबंध आणि त्याच दशकातील वर्णनात्मक निबंध शेजारी ठेवले म्हणजे दोन परंपरांतील अंतर स्पष्ट होते.

५. कोणाच्या डोळ्यांनी?

फुलावरील कोळी दिसत नाही, या विधानात ‘कोणाला’ हा प्रश्न दीर्घकाळ दडून राहिला. मधमाशीला रंग ओळखता येतात हे कार्ल फॉन फ्रिश याने १९१४ च्या सुमारास दाखविले, आणि तिला जंबुपार (अतिनील) प्रकाशही दिसतो हे १९२४ साली क्यून याने सिद्ध केले. म्हणजे माणसाला पांढरे दिसणारे फूल माशीला तसे दिसेलच असे नाही. तरीही हे ज्ञान खेकडा-कोळ्यापर्यंत पोहोचण्यास आणखी पाऊण शतक जावे लागले.

२००२ साली तेरी व काझास यांनी फ्रान्समधील थोमिसस ओनस्टस पिवळ्या व गुलाबी फुलांवर तपासला. तेथे कोळ्याचा रंग माशीच्या व पक्ष्याच्या, दोघांच्याही दृष्टीला फुलाशी जुळणारा ठरला. जुन्या उपपत्तीला हा आधार होता. परंतु दुसऱ्याच वर्षी, २००३ साली, हायलिंग, हर्बरस्टाइन व चिट्का यांनी ऑस्ट्रेलियातील थोमिसस स्पेक्टॅबिलिसवरील प्रयोगांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पांढऱ्या डेझी फुलावरील पांढरा कोळी माणसाला दिसत नाही; पण तो जंबुपार प्रकाश जोराने परावर्तित करतो आणि पाकळी तसे करीत नाही. माशीच्या दृष्टीने तो लपलेला नसून उठून दिसणारा आहे. आणि आश्चर्य असे की, कोळी असलेले फूल व नसलेले फूल यांत निवड करताना यूरोपीय मधमाश्या कोळी असलेल्या फुलाकडेच अधिक वळल्या. जो लपून शिकार करतो असे शंभर वर्षे मानले गेले, तो येथे आमिष दाखवून शिकार करीत होता.

याच गटाच्या २००४ मधील कार्याने चित्र पूर्ण केले. ऑस्ट्रेलियातील मूळच्या डंखहीन माश्याही अशा फुलाकडे आकृष्ट होतात. परंतु त्या त्यावर उतरण्याचे टाळतात. यूरोपीय मधमाशी त्या खंडात एकोणिसाव्या शतकात नेलेली आहे, तर मूळची माशी या शिकाऱ्याबरोबर युगानुयुगे राहिलेली आहे. फसणारी माशी नवागत होती. सावध माशी जुनी शेजारीण होती.

मलकापूरच्या अभ्यासकाला या ठिकाणी थांबून विचार करणे प्राप्त आहे. सह्याद्रीतील सातेरी माशी, आग्या माशी व फुलोरी माशी या थोमिसस प्रजातीच्या जुन्या शेजारणी आहेत. यूरोपीय माशीचे पालन भारतात यशस्वी झाले ते १९६० च्या दशकात, तेही प्रथम पंजाबकडे. म्हणून ऑस्ट्रेलियातील निष्कर्ष जसाच्या तसा येथे आणून ठेवता येत नाही, आणि फ्रान्समधील निष्कर्षही आणता येत नाही. दोन जाती, दोन प्रकारची फुले व दोन खंड यांनी दोन भिन्न उत्तरे दिली आहेत. तिसऱ्या स्थानाचे उत्तर त्या स्थानीच मिळवावे लागेल.

६. उपसंहार

या इतिहासातील हानी कोठे झाली हे आता सांगता येते. बरणीतील नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव, दिनांक व संग्राहकाचे नाव असते. फुलाचे नाव, जिवंतपणीचा रंग, दिवसाची वेळ व पकडलेले भक्ष्य सहसा नसते. अल्कोहोलमध्ये रंग उडून जातो. त्यामुळे शतकभराच्या संग्रहातून जातींची यादी मिळते, पण फुलावरील कोळी लपतो की खुणावतो, या प्रश्नावर ते संग्रह मुके राहतात. जुन्या वर्गीकरणकारांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढील प्रश्न वेगळा होता, आणि त्यांनी नावे दिली नसती तर पुढील प्रयोगांना आधारच राहिला नसता. परंतु तीच चिठ्ठी आज तशीच लिहिली जाऊ लागली, तर तो दोष आजच्या अभ्यासकाचा ठरेल.

हे काम महागड्या साधनांवाचून आरंभता येते. मलकापूर ते आंबा या वाटेवरील एखादा सडा व त्याखालची रानकड निवडून, वर्षभर ठराविक अंतराने, फूल, कोळ्याचा रंग, वेळ आणि भक्ष्य यांची नोंद ठेवता येईल. सोनकीच्या पिवळ्या ताटव्यात पांढऱ्या माद्या किती व पिवळ्या किती, सातेरी माशी अशा फुलाजवळ येऊन परत फिरते की उतरते, हे साध्या मोजणीने कळू शकते. जातीच्या निश्चितीसाठी मोजके नमुने आणि जंबुपार छायाचित्रणासारखी साधने त्यानंतरची पायरी होय. १९६२ साली कोल्हापुरात स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ या वाटेपासून दिवसभरात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.

काळाची निकड मात्र विसरता येत नाही. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत राधानगरी व चांदोली यांचा अंतर्भाव आहे. त्या कक्षेबाहेरच्या सड्यांना ते संरक्षण लाभलेले नाही, आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात बॉक्साइटसाठी जांभ्याचे माथे खणले गेले आहेत. सड्यावरील मातीचा थर काही बोटांचाच असतो. तो गेला की सोनकी व तेरडा जातात आणि त्यांच्याबरोबर त्यांवरील माश्या व त्या माश्यांवर जगणारा शिकारीही जातो. दरबारच्या चित्त्यांची स्मृती कागदपत्रांत व छायाचित्रांत तरी उरली आहे. फुलातील या शिकाऱ्याची येथील हकीकत अद्याप लिहावयाची असून, ती लिहिण्याचे साधन असलेले फूल शाबूत आहे तोवरच ती लिहिता येईल.